वाकणाऱ्या प्लास्टिकचा रंग : मेहारीपासून थारपर्यंत

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी जीपगाडीच्या बंपरवर काय बोलायचं? शंका रास्त आहे. पण वस्तूचा रंग वस्तूच्या आत असतो की वस्तूच्या वर, यावर आम्ही तत्त्वज्ञानवाले दोन हजार वर्षं भांडतो आहोत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोच प्रश्न मोटारींच्या कारखान्यांत जाऊन उभा राहिला. आमच्याकडे उत्तर चुकलं तर फार तर परीक्षेत मार्क जातात. तिथे उत्तर चुकलं की रंगाचे पापुद्रे निघतात, पैसा जातो, आणि रंग मारणाऱ्या माणसाचा श्वासही जातो. त्या शेवटच्या गोष्टीकडे आपण सावकाश येऊ.

विषय असा. डोंगर, रेती, चिखल, काटेरी झुडपं अशा वाटांवर चालण्यासाठी ज्या गाड्या बनतात, त्यांचे बंपर, मडगार्ड, चाकांवरच्या कमानी आज बहुतेक वाकणाऱ्या प्लास्टिकच्या असतात. वाकणाऱ्या म्हणजे काय, तर दगडाला घासल्या की दबतात आणि पुन्हा आपल्या जागेवर येतात. अशा अंगाला रंग द्यायचा कसा? आणि त्याच्याही आधी, द्यायचा का? या दोन प्रश्नांचा इतिहास आज बघायचा आहे.

सुरुवात लोखंडापासून करावी लागेल, कारण गाडीच्या रंगाबद्दलच्या आपल्या सगळ्या सवयी पत्र्यानं लावलेल्या आहेत. पत्र्याला रंग दिला नाही तर तो गंजतो. म्हणजे पत्र्यावरचा रंग ही आधी ढाल, मग शोभा. मोटारीच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत हा रंग घोडागाडीच्याच पद्धतीनं लागायचा. ब्रशनं एकावर एक हात द्यायचे, मध्ये घासायचं, वर व्हार्निश लावायचं आणि वाळण्याची वाट बघायची. चांगल्या गाडीला यात आठवडे जायचे. १९२० च्या दशकात ड्यू पाँ कंपनीचं ‘ड्यूको’ नावाचं लॅकर आलं. १९२४ च्या मॉडेलची ओकलंड ही त्या रंगात निघालेली सुरुवातीची गाडी. फवाऱ्यानं मारलं की काही तासांत वाळायचं. पुढे भट्टीत भाजायचे इनॅमल रंग आले. अख्खी बॉडी भट्टीत घालायची, रंग तापून पक्का व्हायचा. लोखंडाला त्या उष्णतेचं काहीच वाटत नाही. आजही कारखान्यात पत्र्याच्या बॉडीवरचा पहिला थर दीडशे अंश सेल्सिअसच्या पुढे भाजतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

यातून एक कल्पना रुजली, की गाडी म्हणजे एका रंगाची एकसंध वस्तू. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीपसुद्धा एकाच फौजी हिरव्या रंगात न्हालेली होती. आपल्याकडे महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे कित्येक वर्षं आपल्या खेड्यापाड्यांत जीप म्हणजे पत्रा हेच समीकरण होतं. दगडाला लागली, पोचा आला. पोचा ठोकून काढायचा, पुट्टी भरायची, वॉटर पेपरनं घासायचं, रंग मारायचा. गॅरेजच्या पाटीवर ‘डेंटिंग-पेंटिंग’ असा जोडशब्द असतो ना, ते जुळं पत्र्याच्या पोटी जन्मलेलं आहे.

वाकणाऱ्या प्लास्टिकनं ही जोडी फोडली. पोचाच येत नाही, तर ठोकायचं काय? आणि गंजच चढत नाही, तर रंगाची ढाल हवी कशाला?

इथे एक खुलासा करून पुढे जाऊ. मोठ्या कंपनीनं काढलेली प्लास्टिकची बॉडी त्याआधीही होती. १९५३ ची शेव्हरोले कॉर्व्हेट ही काचतंतू घातलेल्या पॉलिएस्टरची होती, आपण ज्याला फायबर म्हणतो त्याची. पहिल्या वर्षी ३०० गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या. पण फायबर ताठ असतं. ते पोचत नाही, फार मार बसला तर फुटतं. रंगाच्या दृष्टीनं ते पत्र्याचंच भावंडं, त्यावर रंग बऱ्यापैकी मुकाट्यानं बसतो. आपली गोष्ट वाकणाऱ्या प्लास्टिकची आहे, आणि तिचं महत्त्वाचं साल आहे १९६८. त्या सुमाराला दोन खंडांत दोन उत्तरं आली आणि ती एकमेकांच्या अगदी उलट होती.

अमेरिकेचं उत्तर होतं पाँटिअॅक जीटीओ. १९६८ च्या मॉडेलवर ‘एंड्युरा’ नावाचा पुढचा बंपर आला. तोपर्यंत बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेला चकचकीत पोलादी पट्टा. एंड्युरात आत पोलाद होतं, बाहेर युरेथेनचं रबरासारखं आवरण होतं, आणि त्या आवरणावर बॉडीचाच रंग मारलेला होता. जाहिरातीत या बंपरवर हातोड्याचे घाव घालून दाखवले आणि बंपर जसाच्या तसा. आता जीटीओ काही रानात जाणारी गाडी नव्हे, ती गुळगुळीत रस्त्यावर वेगात पळणारी. पण वाकणारा भाग गाडीच्या रंगात रंगवायचा, म्हणजे तो वेगळा आहे हे दिसूच द्यायचं नाही, ही चाल तिथे ठळकपणे पुढे आली. मडगार्ड पत्र्याचं, बंपर रबराचा, पण डोळ्याला दोन्ही एकच.

दुसरं उत्तर फ्रान्सचं. मे १९६८ मध्ये, पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांची आंदोलनं आणि कामगारांचे संप ऐन भरात असताना, सित्रोएन कंपनीनं ‘मेहारी’ नावाची गाडी लोकांपुढे आणली. मेहारी म्हणजे सहारातली वेगवान सांडणी. गाडीमागची मूळ कल्पना होती रोलाँ द ला प्वाप यांची. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ वैमानिक. रशियाच्या आघाडीवर लढलेल्या नॉर्मांदी-निएमेन या फ्रेंच तुकडीत होते आणि सोव्हिएत संघानं त्यांना ‘सोव्हिएत संघाचे वीर’ हा किताब दिला होता. युद्धानंतर ते प्लास्टिकच्या धंद्यात शिरले. शांपूची छोटी, फुगीर, फाडून वापरायची पुडी फ्रान्समध्ये घरोघर पोचली, ती यांच्याच कारखान्याची कल्पना. या माणसानं गाडीकडे बघितलं ते पुडीवाल्याच्या नजरेनं.

मेहारीची बॉडी एबीएस या प्लास्टिकची. लेगोच्या ठोकळ्यांचं प्लास्टिक हेच. एबीएसचे तक्ते तापवून साच्यावर ओढायचे आणि पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवायचे. खाली ६०२ घनसेंटिमीटरचं, दोन सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिन. गाडीचं वजन साडेपाचशे किलोच्या आसपास. आतून बाहेरून पाइपनं पाणी मारून धुवायची. १९७९ मध्ये तिची चारही चाकांना ताकद देणारी आवृत्तीही आली. १९८७ पर्यंत सुमारे १ लाख ४५ हजार मेहारी निघाल्या, फ्रेंच सैन्यानंच हजारो घेतल्या.

आणि आपल्या कामाचा मुद्दा हा, की मेहारी रंगवलेलीच नव्हती. रंगद्रव्य प्लास्टिकच्या लगद्यातच कालवलेलं होतं. तक्ता कापला तर आतही तोच नारिंगी, तोच हिरवा. रंगांची नावंसुद्धा वाळवंटी आणि रानवट प्रदेशांची होती : होगार, तिबेस्ती, किरगीझ. फांदीनं ओरखडा काढला तरी खाली दुसरा रंग उघडा पडत नव्हता, कारण खाली दुसरा रंगच नव्हता.

आता आमच्या विषयाकडे दोन मिनिटं येऊ. वैशेषिक दर्शनात दोन संबंध सांगितलेले आहेत, संयोग आणि समवाय. दोन वेगळी द्रव्यं एकत्र आली की संयोग. टेबलावर पुस्तक ठेवलं, हा संयोग, आणि ते उचललं की विभाग. गुण आणि द्रव्य यांचा संबंध मात्र समवायाचा. तांबड्या घागरीचा तांबडेपणा घागरीपासून सोलून बाजूला ठेवता येत नाही. या भाषेत एंड्युरा बंपरचा लाल रंग हा खरं तर बंपरचा गुण नव्हेच. तो रंगाच्या पातळ थराचा गुण, आणि तो थर बंपरला नुसता चिकटलेला, म्हणजे संयोग. मेहारीचा नारिंगी मात्र समवायाचा. संयोगाचा स्वभावच असा, की तो कधी ना कधी सुटू शकतो. वाकणाऱ्या प्लास्टिकच्या रंगकामाचा सगळा इतिहास म्हणजे हा संयोग सुटू नये यासाठी केलेली खटपट.

ही खटपट इतकी का करावी लागते? तीन कारणं आहेत.

पहिलं कारण, हालचाल. प्लास्टिक वाकतं, तर त्याच्यावरच्या थरालाही तेवढंच वाकता आलं पाहिजे. पत्र्यासाठी बनवलेला रंग कडक असतो. खालचं अंग वाकलं की त्याला बारीक भेगा जातात, आणि थंडीत हे जास्त होतं, कारण गारठ्यात रंग आणखी कडक होतो. यात एक विलक्षण गोष्ट आहे. आपल्याला वाटतं, भेग रंगाला गेली, प्लास्टिक तर शाबूत आहे. पण कडक रंग घट्ट चिकटलेला असेल, तर त्याच्यात पडलेली भेग खालच्या प्लास्टिकमध्ये उतरते. कपड्याला कात्रीनं छोटी चीर दिली की पुढचं कापड नुसत्या हातानं टरकतं, तसं. म्हणजे न रंगवलेला भाग जो मार सहज सोसला असता, तोच मार खाऊन रंगवलेला भाग फुटू शकतो. ढाल म्हणून दिलेला रंगच घात करतो. म्हणून मग लवचीक पॉलियुरेथेनचे रंग आले. पॉलियुरेथेनचं रसायन ओटो बायर या जर्मन शास्त्रज्ञानं १९३७ मध्ये शोधलेलं. गॅरेजमध्ये रंगात आणि क्लिअर कोटमध्ये ‘फ्लेक्स अॅडिटिव्ह’ मिसळतात, तेही याचसाठी.

दुसरं कारण, उष्णता. मघाचा आकडा आठवा, दीडशे अंशांच्या पुढे. एबीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. पत्र्याच्या बॉडीबरोबर बंपरही त्या भट्टीत घातला, तर बाहेर येईल तो बंपर नसेल. म्हणून प्लास्टिकचे भाग वेगळे रंगवतात, ऐंशी अंशांच्या आगेमागे वाळणाऱ्या रंगांनी, आणि बऱ्याचदा वेगळ्याच कारखान्यात. बरं, फवारलेला रंग नीट ओढला जावा म्हणून पत्र्याच्या बॉडीला विजेच्या भाराची मदत घेतात. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, तेव्हा त्यावर आधी वीज वाहून नेणारा प्रायमर मारावा लागतो. दोन जागा, दोन रंग, दोन तापमानं, आणि अपेक्षा अशी की मडगार्ड आणि बंपर शेजारी ठेवले तर छटेत तसूभर फरक दिसू नये. काही नव्या गाड्यांचा बंपर उन्हात किंचित वेगळा दिसतो, त्याचं मूळ यात आहे.

तिसरं कारण सगळ्यात चिवट, ते म्हणजे चिकटणं. १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नाता यांनी पॉलिप्रॉपिलीन शिस्तशीर साखळ्यांच्या रूपात बनवलं. पुढे १९६३ मध्ये त्यांना आणि कार्ल झीगलर यांना नोबेल मिळालं. स्वस्त, हलकं, चिवट, पुष्कळशा रसायनांना न जुमानणारं. हळूहळू जगभरचे बंपर याच्या मिश्रणांचे झाले. पण जे कशालाच जुमानत नाही, ते रंगालाही जुमानत नाही. पॉलिप्रॉपिलीनवर पाण्याचा थेंब टाकून बघा, अळवावरच्या थेंबासारखा गोळा होऊन बसतो. रंगाचंही तेच होतं. तो पसरत नाही, धरत नाही, आणि वाळल्यावर नखानं सोलला जातो. यावर दोन मुख्य उपाय निघाले. एक म्हणजे पृष्ठभागावरून ज्योत भर्रकन फिरवायची. वरचा अगदी पातळ थर हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतो आणि मग रंग धरतो. दुसरा म्हणजे क्लोरीन घातलेल्या, त्याच कुळातल्या प्लास्टिकचा पातळ हात मध्ये द्यायचा. गॅरेजमधला ‘प्लास्टिक प्रायमर’ तो हा. एका बाजूनं तो पॉलिप्रॉपिलीनचा नातेवाईक, दुसऱ्या बाजूनं रंगाचा स्नेही. लग्न जुळवणारा मध्यस्थच म्हणा ना.

एबीएसची अडचण याच्या उलट. ते रंगाला इतकं लगेच जवळ करतं, की तिखट थिनर त्याच्या अंगात शिरतो आणि बारीक तडे पाडतो. अॅसिटोनमध्ये तर ते चक्क विरघळतं. म्हणजे एक प्लास्टिक रंगाला हातच लावू देत नाही, आणि दुसऱ्याचा रंगात भिजून घात होतो. म्हणून चांगला पेंटर आधी बंपर उलटा करून आतल्या बाजूला छापलेली अक्षरं वाचतो, कोणतं प्लास्टिक आहे ते बघतो. मग साबणाच्या पाण्यानं धुतो, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट औषध अजून अंगावर असतं. रंगाचा डबा तो सगळ्यात शेवटी उघडतो.

इतकं सगळं करायचं, तर मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. रंगवायचंच कशाला?

रानात मोटारसायकल चालवणाऱ्यांनी हा प्रश्न फार लवकर सोडवला. १९७० च्या आगेमागे अमेरिकेत प्रेस्टन पेटी या स्पर्धकानं न तुटणारी प्लास्टिकची मडगार्डं विकायला काढली. आधीची पत्र्याची आणि फायबरची मडगार्डं पडल्या पडल्या वाकायची, फुटायची. ही दुमडायची आणि सरळ व्हायची. रंग मेहारीसारखा आतच. पुढे जपानी कंपन्यांच्या रानातल्या मोटारसायकली आणि फुग्यासारख्या चाकांच्या एटीव्ही आल्या, त्यांचीही अंगं अशीच रंगीत लगद्याची. शोभा हवी तर जाड स्टिकर लावायचं, फाटलं की बदलायचं. असं मडगार्ड जोरात दुमडलं की तिथे पांढरी रेघ उमटते. गरम हवेच्या गननं बेतानं तापवलं की ती बरीचशी विरते. मडगार्ड रंगवलेलं असतं तर तिथे रंग फाटला असता, आणि तापवून काही उपयोग झाला नसता.

मग चारचाकीत रंगवलेलं प्लास्टिक का पसरलं? एक धागा कायद्याचा आहे. अमेरिकेत १ सप्टेंबर १९७२ पासून नव्या मोटारींना असा नियम लागू झाला, की ताशी पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या धडकेत पुढचा बंपर लागला तरी गाडीच्या दिव्यांसारख्या महत्त्वाच्या भागांना इजा होता कामा नये. आधी मोठेमोठे, बोजड बंपर आले. मग ते बोजडपण झाकण्यासाठी त्यांच्यावर लवचीक मुखवटे चढले, आणि मुखवटे गाडीच्या रंगात रंगले. आता गंमत बघा. हा नियम प्रवासी मोटारींना होता, जीपसारख्या रानगाड्यांना नव्हता. त्यांच्यावर रंगीत बंपर कायद्यानं लादलेला नाही. तो आला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून. १९८० आणि १९९० च्या दशकांत या गाड्या शेतातून, खाणीतून निघून शहरातल्या पार्किंगमध्ये आल्या, आणि येताना त्यांनी मोटारींचा पोशाख अंगावर चढवला. काळा बंपर म्हणजे स्वस्त मॉडेल, रंगीत बंपर म्हणजे वरचं मॉडेल, असा भाव झाला.

आजही हे एकाच गाडीत दिसतं. २०१८ च्या मॉडेलपासूनच्या जीप रँग्लरमध्ये ‘सहारा’ नावाची आवृत्ती आहे, तिच्या चाकांवरच्या कमानी बॉडीच्या रंगात रंगवलेल्या असतात. ‘रुबिकॉन’ नावाची आवृत्ती खडकांवर चढायला बनवलेली, कॅलिफोर्नियातल्या अवघड वाटेचं नाव तिला दिलंय. तिच्या कमानी मुळात काळ्या, न रंगवलेल्या. म्हणजे कंपनीला पक्कं ठाऊक आहे, की जी गाडी खरंच दगडांना घासणार तिला रंग नको. रंग दिलाय तो नावाच्या सहाराला.

पण मित्रहो, थांबा. आत घातलेला रंग म्हणजे सगळं आलबेल, असा निष्कर्ष काढला तर आपण इतिहासावर अन्याय करू. मेहारीचं पुढे काय झालं ते बघितलं पाहिजे. एबीएसमधला जो रबरी भाग त्याला चिवट करतो, त्याच भागाला सूर्याचे अतिनील किरण कुरतडतात. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या मेहारी फिकट पडल्या, हाताला खडूसारखी भुकटी लागू लागली, पॅनेल ठिसूळ झाले. मग मालकांनी काय केलं? ज्या गाडीची ख्याती रंग न लागण्याची, तिला रंग मारून घेतला. आणि एबीएसवर कडक रंग मारल्यावर काय होतं, ते आपण मघाशी पाहिलं. आज फ्रान्समध्ये मेहारीचे नवे पॅनेल बनवून मिळतात, आणि जुने रंगवण्यापेक्षा ते बदललेले बरे असं मानणारे पुष्कळ आहेत.

वैशेषिकांना याचं नवल वाटलं नसतं. कच्ची घागर काळसर असते, आव्यात भाजली की तांबडी होते. गुण द्रव्यात समवायानं असला तरी उष्णतेनं तो बदलतो, याला त्यांनी ‘पाक’ असा शब्द ठेवला. भाजले जातात ते परमाणू की अख्खी घागर, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात वाद झाला. मेहारीचा पाक उन्हानं केला, एवढाच फरक. आतला रंगही कायमचा नसतो.

म्हणून तिसरं उत्तर पुढे आलं, आणि ते आपण रोज बघतो पण त्याकडे लक्ष जात नाही. काळं प्लास्टिक. त्यातला काळा रंग हा दिखाव्याचा नाही. तो काजळीचा असतो, कार्बन ब्लॅकचा. उघड्यावर राहणाऱ्या प्लास्टिकमध्ये साधारण दोन-तीन टक्के काजळी कालवली, की ती अतिनील किरण स्वतः शोषून घेते आणि आतल्या साखळ्यांना वाचवते. म्हणजे इथे रंग हीच ढाल आहे, आणि ढाल आत आहे. पत्र्याच्या युगात ढाल वरून लावावी लागे. एवढा एक बदल व्हायला शतकाचा मोठा भाग गेला. २०२० च्या ऑक्टोबरात आलेली नवी महिंद्रा थार आपल्या नाशिकला बनते. तिच्या चाकांवरच्या रुंद कमानी बघा, काळ्या आणि न रंगवलेल्या. काही वर्षांनी त्या वरवर करड्या पडतील, गॅरेजवाला पॉलिश लावून देईल. पण करवंदीच्या जाळीतून गाडी काढली तर पेंटरकडे पळायला नको.

आता किमतीकडे येऊ. रंगवलेल्या प्लास्टिकची किंमत तीन ठिकाणी मोजली जाते.

एक, गिऱ्हाइकाच्या खिशात. हे आपल्याला कळतं, बिल हातात येतं.

दोन, भंगारात. न रंगवलेलं पॉलिप्रॉपिलीन दळून, वितळवून पुन्हा वापरता येतं. रंगवलेला बंपर दळला की रंगाचे कडक कण त्यात राहतात. ते विरघळत नाहीत, नव्या वस्तूत जागोजागी कमजोर ठिपके बनून बसतात. ते काढायचे तर वेगळी प्रक्रिया, वेगळा खर्च. वीस वर्षं शोभा दिलेला थर जाताना द्रव्यही बिघडवून जातो.

तीन, छातीत. लवचीक आणि टिकाऊ म्हणून ज्या पॉलियुरेथेन रंगांचं आपण कौतुक केलं, त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. हा शब्द आपण १९८४ च्या भोपाळमुळे ऐकलेला आहे. तो वायू वेगळा होता, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, पण रासायनिक कूळ एकच. फवाऱ्यातून उडालेले याचे तुषार श्वासात गेले की काही पेंटरांना दमा जडतो. आणि हा दमा असा, की शरीर एकदा त्या द्रव्यावर बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही झटका येतो. मग त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो, हातात कितीही कसब असो. यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी बंद खोली लागते. मोठ्या कारखान्यांत यंत्रमानव फवारतात. आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये मात्र पुष्कळदा नाकाला रुमाल बांधून फवारा चालतो. रुमाल धूळ अडवतो. आयसोसायनेट अडवत नाही.

आता कुणी विचारेल, मग काय रंगवूच नये? असा फतवा इतिहासातून निघत नाही. पत्र्याला रंग लागणारच, नाहीतर गंज. जो प्लास्टिकचा भाग उंचावर आहे, दगडाला-फांदीला लागत नाही, आणि नीट प्रायमर देऊन लवचीक रंगानं रंगवला आहे, तो वर्षानुवर्षं छान राहतो. फिकट पडलेल्या जुन्या गाडीला रंग देऊन तिचं आयुष्य वाढत असेल तर तेही चांगलंच. आपण विचारायचं ते एवढंच, की हा रंग इथे काही काम करतो आहे का. गंज अडवतो, ऊन अडवतो, हे काम झालं. प्लास्टिकला पत्रा भासवतो, याला काम म्हणायचं का, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण ठरवताना बिलाबरोबर उरलेल्या दोन किमतीही मोजाव्यात.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो आणि थांबतो. पुढच्या वेळी बंपर रंगवायला टाकाल, तेव्हा भाव करण्याआधी पेंटरला दोन प्रश्न विचारा. हे प्लास्टिक कोणतं आहे, आणि फवारताना तोंडाला काय लावता? पहिल्याचं उत्तर आलं तर तुमचा रंग टिकेल. दुसऱ्याचं उत्तर रुमाल असं आलं, तर चांगल्या मास्कचे पैसे बिलात धरायला सांगा. शंभर घासाघिशींत तेवढी एक करू नये.

आता प्रश्न घेऊ या.